निळीचे झुडूप आणि निळीचा करार



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की, कामगार चळवळीतल्या माणसाला हे बागकामाचे वेड कोठून लागले! शंका रास्त आहे. तिचे उत्तर बोलता बोलता मिळेल.

नीळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे धुण्याची नीळ येते. पांढऱ्या सदऱ्याला, धोतराला ती घालतात. ती रसायनाच्या कारखान्यात होते आणि तिचा आजच्या विषयाशी नावापुरता संबंध. मी बोलणार आहे ती नीळ झुडपाच्या पाल्यातून निघते. आपल्याकडे तिच्यावर पोट भरणारा एक समाजच होता. निळारी किंवा निराळी म्हणून तो ओळखला जातो. लुगड्याचे सूत निळीच्या पिंपात बुडवून काळसर निळे करायचे हा त्यांचा पिढीजात धंदा. धंदा गेला, नाव राहिले. असे पुष्कळांचे झाले आहे.

आता हे झुडूप कसे असते ते आधी पाहू. ते न पाहता पुढचा इतिहास नीट समजत नाही, असा माझा अनुभव आहे. मी स्वतः पहिल्यांदा पुस्तकांतून निळीचा इतिहास वाचला, तेव्हा माझी अशी समजूत झाली की हे पीकच दुष्ट असले पाहिजे. जमिनीचा कस शोषून घेत असले पाहिजे. नाहीतर लाखो शेतकऱ्यांनी त्याच्या नावाने बोटे का मोडावीत? समजूत साफ चुकीची निघाली.

नीळ ही तूर, ताग, शेवरी यांच्या कुळातली. शास्त्रीय नाव इंडिगोफेरा टिंक्टोरिया. उंची कमरेपासून पुरुषभर. पाने शेवरीची आठवण व्हावी अशी, एका देठावर समोरासमोर लहान लहान पर्णिका आणि टोकाला एक. पानाच्या बगलेत गुलाबी-जांभळ्या फुलांचे तुरे येतात, मग बारीक शेंगा. थंडीचा कडाका नसला आणि मुळांना ओल मिळत राहिली, तर झुडूप बारमाही हिरवे राहते. मुळे उपटून पाहा, त्यांवर बारीक गाठी दिसतील. या गाठींत राहणारे जंतू हवेतला नत्र धरून जमिनीला देतात. म्हणजे हे झाड जमिनीचे घेते त्याहून देते अधिक. रंग काढून झाल्यावर उरलेला चोथा बिहारात ‘सीट’ म्हणून ओळखला जाई आणि तंबाखूच्या व उसाच्या शेतांत त्याला खत म्हणून मोठा मान होता. असे हे गुणी झाड.

तीन वर्षांपूर्वी एका मित्राने तामिळनाडूतून, तिंडिवनमकडून, मूठभर बी आणून दिले. त्या बाजूला आजही थोडीफार नीळ पिकते. युनियनच्या कचेरीमागे दोन खाटांची जागा आहे, तिथे मी ते टाकले. पहिल्या खेपेला तसेच पेरले, तर शंभरांतले दहा-बारा उगवले. बियांचे कवच टणक असते, पाणी आत शिरत नाही. दुसऱ्या खेपेला कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवले. जे फुगले तेवढे पेरले, आणि आठवड्याच्या आत कोंब वर आले. ऊन भरपूर लागते. मोरीचे पाणी मुरत होते त्या कोपऱ्यातली रोपे श्रावणात पिवळी पडून मेली, उरलेली माझ्या खांद्याला लागली. फुले येण्याच्या बेतात पाल्यात रंग सर्वांत जास्त असतो, तेव्हाच कापणी करायची. वीतभर खुंट ठेवला की पुन्हा फुटवा येतो आणि दुसरी कापणी मिळते. बिहारात पहिल्या कापणीला ‘मोरहन’ आणि दुसरीला ‘खूंटी’ म्हणत.

मग रंग काढण्याची हौस आली. दोन किलो पाला संध्याकाळी बादलीत बुडवून वर दगड ठेवला. सकाळी पाणी हिरवट-पिवळे झाले होते आणि त्यावर तांब्यासारखी चकाकणारी साय धरली होती. वास असा की शेजारच्या टपरीवाल्याने चौकशी केली. पाला काढून टाकला, चिमूटभर खाण्याचा चुना घातला आणि घरून न विचारता आणलेल्या ताकाच्या रवीने ते पाणी घुसळू लागलो. पाऊण तासाने फेस निळा झाला! पाल्यात निळा रंग नसतोच; असते ते इंडिकन नावाचे बिनरंगी द्रव्य. ते कुजताना फुटते आणि हवा लागली की निळे होते. एवढे रसायनशास्त्र मला त्या बादलीने शिकवले. गाळून, वाळवून हाती आली ती नीळ एक चमचाभर. रवी गेली ती गेलीच. त्यावर घरात जे ऐकून घ्यावे लागले ते सभेत सांगण्याजोगे नाही.

तो चमचा मी कागदाच्या पुडीत जपून ठेवला आहे. शंभर मण हिरव्या पाल्यामागे निळीची वडी निघायची ती पाव मणाच्या आसपास. म्हणजे हा सारा धंदा स्वस्त जमीन आणि स्वस्त हात यांवाचून उभा राहूच शकत नव्हता. मालकांना ते चांगले समजले होते. कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेतल्या कॅरोलिनात नीळ पिकवली ती गुलामांकडून. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा कॅरोलिनाची नीळ इंग्रजांना दुरावली. फ्रेंचांच्या सेंट-डोमिंग बेटावर 1791 मध्ये गुलामांनी बंड केले आणि तिथला पुरवठा तुटला. इंग्लंडच्या गिरण्या तर वाढत होत्या. कंपनीची नजर बंगालकडे वळली. तिथे 1777 मध्ये लुई बोनो नावाच्या फ्रेंच माणसाने निळीची लागवड सुरू केलेली होतीच.

बंगालात गुलाम नव्हते, कुळे होती. तेव्हा गुलामगिरीच्या जागी एक कागद आला, आणि माझे आजचे म्हणणे या कागदाविषयी आहे.

पद्धत अशी. गोरा मळेवाला, त्याला बंगालीत ‘नीलकर’ म्हणत, कुळाला बिघ्यामागे दोन रुपये उचल देई. उचलीला तिथे ‘दादन’ हा शब्द. बदल्यात कुळाने मुद्रांकाच्या कागदावर अंगठा उठवायचा की, अमुक बिघे नीळ पेरीन आणि ठरल्या दराने कोठीवर पोचवीन. कागदाचा खर्च कुळाच्या नावे, बियाण्याची किंमत कुळाच्या नावे, गाडीभाडे कुळाच्या नावे. पाल्याच्या पेंढ्या कोठीवरचा माणूस साखळीने मोजणार, म्हणजे साखळी आवळणारा हात कोठीचा. जमिनीचा बिघाही कोठीच्या मापाने मोजायचा, आणि ते माप गावच्या मापाहून मोठे. हंगामअखेर हिशोब होई तेव्हा कुळाकडे येणे निघण्याऐवजी बाकीच निघे. ती पुढच्या सालावर, आणि बाप मेला की मुलावर. पाच-दहा रुपयांच्या बाकीत पिढ्या अडकल्या. पुढे 1850 नंतरच्या वर्षांत तांदळाचा भाव चढत गेला, निळीचा दर जिथल्या तिथे राहिला. पाऊस पडला की कुळाला आपले औस भात पेरायची घाई, आणि त्याच घटकेला कोठीचा शिपाई दारात उभा, ‘आधी नीळ!’ चांगली जमीन नि पहिला पाऊस दोन्ही निळीला. झाडाचा यात काही दोष होता का? तेच झाड भातानंतर, रास्त दराने, कुळाच्या मर्जीने लावले असते तर जमीन सुधारली असती.

आपल्या बीड-अहिल्यानगरकडचे ऊसतोड कामगार या सभेत असते तर मला एवढे समजावून सांगावे लागले नसते. एका कोयत्याची उचल म्हणजे काय, आणि हंगाम संपला तरी ती फिटत का नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे.

कोठीच्या आतले काम आणखी निराळे. वरच्या हौदात पाला कुजवायचा, पाणी खालच्या हौदात सोडायचे, आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माणसांनी वल्ह्यांनी दोन-तीन तास ते झोडपायचे. मग गाळ बसू द्यायचा, तांब्याच्या कढईत उकळायचा, कापडातून गाळायचा, दाबायचा, वड्या पाडून सावलीत सुकवायच्या. बंगालच्या कोठ्यांवर हौदाचे हे काम छोटा नागपूरकडून आणलेले आदिवासी करीत. त्यांना ‘बुनो’ म्हणत. निळीच्या इतिहासात कुळांची साक्ष सापडते, या हौदातल्या मजुरांची फारशी सापडत नाही. मला ही उणीव नेहमी बोचते. माझी रवी पाऊण तास फिरली तर दुसऱ्या दिवशी दंड उचलत नव्हता.

कायदा कोणाच्या बाजूला होता? सरकारने 1830 मध्ये नियम केला की निळीचा करार मोडणे हा फौजदारी गुन्हा. ओरड झाली, 1835 मध्ये तो रद्द करावा लागला. पण कल्पना मेली नाही. कारागीर नि मजूर यांनी उचल घेऊन काम सोडले तर त्यांना तुरुंगात घालणारा कायदा 1859 मध्ये झाला, आणि तो 1925 पर्यंत या देशात जिवंत होता. कर्ज बुडवले तर सावकाराने दिवाणीत जावे, आणि मजुराने काम सोडले तर त्याने मात्र तुरुंगात जावे, हा तो न्याय!

त्याच 1859 साली बंगालच्या कुळांनी नीळ पेरायचे नाकारले. एवढेच केले, नाकारले. बारासातचा मॅजिस्ट्रेट अॅशली ईडन याने असे मत दिले होते की, आपल्या जमिनीत काय पेरावे हे कुळाने ठरवावे. कलारोआचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट हेमचंद्र कर यांनी त्याच अर्थाचा परवाना काढला. बातमी गावोगाव गेली. नदिया जिल्ह्यातल्या चौगाछाचे दिगंबर विश्वास आणि विष्णुचरण विश्वास पुढे झाले. हे दोघे पूर्वी कोठीच्याच नोकरीत होते. आतला हिशोब ठाऊक असलेला माणूस बाहेर पडला म्हणजे मालकाची झोप उडते, हे आजही खरे आहे. कोठीचे लाठीवाले चालून आले तेव्हा गावांनी आपल्या फौजा उभ्या केल्या. एका जर्मन मिशनऱ्याने त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. एक तुकडी गोफणवाल्यांची, एक विटांच्या तुकड्यांची, एक कच्च्या बेलफळांची, एक काशाच्या थाळ्या भिरकावणारांची. आणि भाजलेली मडकी घेऊन बायका. घरात जे होते ते हत्यार झाले.

सरकारने 1860 मध्ये दोन गोष्टी एकदम केल्या. एकीकडे अकरावा कायदा करून त्या हंगामापुरता करारभंग पुन्हा फौजदारी ठरवला, आणि शेकडो कुळे तुरुंगात घातली. दुसरीकडे सेटन-कार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी कमिशन नेमले. कमिशनने 134 साक्षी घेतल्या, त्यांत 77 कुळांच्या. शेतकऱ्याला खुर्चीवरच्या साहेबापुढे उभे करून ‘तुझे काय म्हणणे आहे?’ असे विचारण्याचा प्रसंग त्याआधी क्वचितच आला असेल. त्यांनी सांगितले, भीक मागू पण नीळ पेरणार नाही. त्याच वर्षी लेफ्टनंट गव्हर्नर ग्रँट नदीतून प्रवासाला निघाले तेव्हा साठ-सत्तर मैल दोन्ही तीरांवर माणसांच्या रांगा न्याय मागत उभ्या होत्या, आणि त्यांत बायकाही होत्या. कमिशनचा अहवाल मळेवाल्यांच्या विरुद्ध गेला. ‘हिंदू पेट्रियट’चे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी यांनी या काळात कुळांची बाजू इतक्या कष्टाने मांडली की 1861 मध्ये, चाळिशीही न गाठता, ते वारले. दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ नाटकाचे इंग्रजी भाषांतर छापविल्याबद्दल पाद्री लाँग यांना त्याच साली एक महिना कैद नि हजार रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंहांनी तिथल्या तिथे भरला. नाटक बहुतेकांना ठाऊक असते. विश्वास मंडळींची नावे कोणाला ठाऊक नसतात.

बंगालातला धंदा खचला, पण संपला नाही. तो बिहारकडे सरकला. चंपारणमध्ये उचलीऐवजी जमीनदारीचे बंधन होते. बेतियाच्या राजाची गावे ठेक्याने घेऊन मळेवाले, तिकडचे ‘निलहे साहेब’, कुळांचे धनी झाले होते. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा. त्यांतले पूर्वी पाच आणि नंतर तीन कठ्ठे नीळ लावलीच पाहिजे, आणि ते तीन कोणते हे कोठी ठरवणार. हीच ती तीनकठिया. वर पट्ट्या निराळ्या. साहेबाला घोडा घ्यायचा तर ‘घोडही’, हत्ती घ्यायचा तर ‘हथियाही’, होळीची ‘फगुआही’, लग्नाची ‘मरवच’, आणि बाप मेल्यावर मुलाचे नाव लागायला ‘बपही-पुतही’.

अशा वेळी जर्मनीत एक घटना घडली. बायर या शास्त्रज्ञाने 1880 मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली होती. पुढची सतरा वर्षे आणि अपार पैसा खर्चून बाडिश कंपनीने 1897 मध्ये कारखान्याची नीळ बाजारात आणली. हिंदुस्थानात त्या सुमारास सतरा लाख एकरांच्या घरात निळीची लागवड होती. पंधरा-सतरा वर्षांत तिचा थोडासा अंश उरला. आता आपल्याला वाटेल, सुटली बिचारी कुळे! तसे झाले नाही.

निळीला भाव राहिला नाही तेव्हा मळेवाल्यांना अचानक कुळांच्या स्वातंत्र्याचा कळवळा आला. ते म्हणाले, तुम्हाला तीनकठियातून मोकळे करतो, मात्र त्याची किंमत द्या. जी गावे मळेवाल्यांकडे कायम ठेक्याने होती, तिथल्या कुळांचा सारा वाढवला, ती ‘शरहबेशी’. इतरांकडून एकरकमी भरपाई घेतली, तो ‘तावान’. पैसे नसले तर रोखा लिहून घेतला. जे पीक मालकाला नको झाले होते, ते न लावण्याबद्दल कुळाने पैसे मोजले! माल मेला, करार जिवंत राहिला. गिरणी तोट्यात गेली की पहिली कात्री कोणाच्या पगाराला लागते, हे या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. आणि 1914 चे महायुद्ध सुरू होऊन जर्मन माल बंद झाला, भाव पुन्हा चढला, तेव्हा ज्यांना ‘मोकळे’ केले नव्हते त्यांना परत निळीला जुंपले.

चंपारणच्या शेतकऱ्यांनी गांधीजींची वाट पाहत हात जोडून बसणे पत्करले नव्हते, हे सांगितले पाहिजे. साठी कोठीच्या आसपास 1907-08 मध्ये शेख गुलाब आणि शीतल राय यांनी लोकांना उठवले होते. राजकुमार शुक्ल त्यांच्याच मागून आले. 1916 च्या डिसेंबरात लखनौ काँग्रेसला जाऊन त्यांनी गांधीजींचा पिच्छा पुरवला, आणि 15 एप्रिल 1917 ला गांधीजी मोतीहारीला पोचले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मोडला, 18 तारखेला कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि सरकारने खटला काढून घेतला. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत शिकवत नाहीत ते पुढचे. ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्रप्रसाद, धरणीधर अशी वकील मंडळी आठवड्यांमागून आठवडे बसून हजारो कुळांचे जबाब लिहून घेत होती. प्रत्येकाची उलटतपासणी; जो टिकला नाही त्याचा जबाब घेतलाच नाही. शेजारी गुप्त पोलिसांचा माणूस बसलेला. त्याला उठवायचे नाही. ज्याच्यासमोर तोंड उघडायची भीती, त्याच्याचसमोर कुळे बोलू लागली. साठ वर्षे अंगठा घेणाऱ्या कागदाला अखेर कागदानेच गाठले. मी तरुण कार्यकर्त्यांना घोषणांच्या आधी जबाब लिहायला शिकवतो, ते हे वाचल्यापासून.

सरकारी चौकशी समितीत गांधीजींना घेतले गेले. तडजोडीत वाढीव साऱ्याची 20 ते 26 टक्के घट झाली, वसूल केलेल्या तावानाचा चौथा हिस्सा परत मिळाला, आणि 1918 च्या कायद्याने तीनकठिया बंद झाली. चौथाच हिस्सा का, म्हणून गांधीजींवर टीका झाली, अजून होते. माझ्यापुरते सांगतो. एका कारखान्यात थकलेल्या रकमेवर मी अशीच चौथाई मान्य करून आलो, तेव्हा गेटसभेत लोकांनी मला बोलू दिले नाही. त्यांचा राग खोटा नव्हता. उरलेले तीन हिस्से त्यांच्या घामाचेच होते. पण मालकाने घेतलेले पैसे परत दिले, अगदी एक रुपया जरी दिला, तरी तो घेण्याचा हक्क त्याला नव्हता हे त्याच्याच सहीने ठरते. चंपारणमध्ये तेच झाले. पुढच्या काही वर्षांत मळेवाले एकेक करून निघून गेले. तरी राहिलेल्या तीन हिश्श्यांचे काय, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

या प्रकरणात आपल्या मराठी माणसांचा वाटा आहे आणि तो आपण विसरलो आहोत. गांधीजींनी चंपारणमध्ये शाळा काढल्या तेव्हा मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे यजमान बबनराव, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, भारत सेवक समाजाचे डॉ. देव, बेळगावचे सोमण अशी मंडळी गेली. 13 नोव्हेंबर 1917 ला बडहरवा लखनसेनला पहिली शाळा सुरू झाली ती गोखले दांपत्याच्या हातांनी. अवंतिकाबाईंचे सुईणीचे नि परिचर्येचे शिक्षण झालेले होते. अक्षरांच्या आधी त्यांनी खरूज, नखे आणि विहिरीचा काठ यांकडे लक्ष दिले. परत आल्यावर 1918 मध्ये त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले, त्याला प्रस्तावना लोकमान्यांची. सोमण भितिहरव्याच्या शाळेवर होते. ती गवताची झोपडी एका रात्री जळाली. जाळली असावी असा त्यांना संशय आला. त्यांनी गवत पुन्हा आणलेच नाही. स्वतः राबून विटांची पक्की इमारत उभी केली.

वेळ झाली, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले ते मी पाहिले आहे. माझ्या झुडपांच्या शेंगा यंदा भरपूर वाळल्या आहेत आणि बी मी बरोबर आणले आहे. ज्यांना हवे त्यांनी दारापाशी टेबलावरून न्यावे. रात्री कढत पाण्यात घाला, फुगलेले तेवढेच पेरा, कुंडीला खाली भोक असू द्या. रंग काढणार असाल तर रवी वेगळी घ्या.